मॅबलची पुढची उजवी स्प्रिंग

थॉर्नबेक, यॉर्कशायर
सोमवार, ८ सप्टेंबर

आदरणीय डोरीन मावशीस,
लेस्लीचा सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मी डाव्याबद्दल विचारतोय. उजव्याबद्दल तू मागच्या पत्रात दीड पान लिहिलं होतंस आणि ते वाचल्यापासून मला त्याची जेवढी माहिती आहे तेवढी माझ्या स्वतःच्या गुडघ्यांचीही नाही. मांजर मजेत ना? (नाव मुद्दामच लिहीत नाही. मागे मी चुकून आधीच्या, वारलेल्या मांजराचं नाव लिहिलं आणि तू ईस्टरपर्यंत अबोला धरलास.) आणि जूनमध्ये आली होतीस तेव्हा आमच्या अंगणातून मॅबलची जी जुनी स्प्रिंग पिशवीत घालून नेलीस, तिच्यात छत्र्या नीट उभ्या राहतात ना? तू तिला पांढरा रंग देऊन दारात ठेवली आहेस, असं आई म्हणाली. चार स्प्रिंगा पडल्या होत्या, त्यांतली एक मोडकी होती हे मान्य, पण उरलेल्या तिघींतली तू नेमकी बुटकी का उचललीस, ते मला कळलं नव्हतं. तुझ्या छत्र्या बुटक्या असतील. बाकीच्या तिन्ही नंतर भंगारात गेल्या.

आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. नाहीतर तुझं पोस्टकार्ड शनिवारी पोचलं तेव्हापासून माझं काही ठीक नाही. पुढे समुद्राचं चित्र, मागे एकच ओळ: ‘विनी फोनवर म्हणते, लेस्लीने मॅबलला मारलं. खुलासा कर.’ मावशी, उघड्या कार्डावर असं लिहायचं नसतं. आमचा पोस्टमन नवा आहे. विनी ही माझी आई आणि मॅबल ही बाबांची गाडी आहे हे त्याला कुठून ठाऊक असणार? त्याने ते कार्ड दोन बोटांत धरून माझ्या हातात दिलं आणि आज सकाळची पत्रं तो फाटकाबाहेरूनच आत भिरकावून गेला.

तेव्हा खुलासा करतो. मॅबल जिवंत आहे. इतकंच नव्हे, तर बासष्ट वर्षांच्या आयुष्यात ती आज आहे इतकी धडधाकट कधीच नव्हती. तरीही आई तिच्यात बसायला तयार नाही. आणि सप्टेंबरचा शेवटचा रविवार तीन आठवड्यांवर आला आहे. हा रविवार म्हणजे आमच्या घरात काय असतं ते तुला सांगायला नको. बाबांनी आईला लग्नाचं विचारलं ते फायलीच्या समुद्राकडे तोंड करून उभ्या केलेल्या या गाडीत, काचा वर करून, बाहेर पाऊस आणि मांडीवर कागदात मासा-चिप्स. तेव्हापासून दरवर्षी त्याच रविवारी तिथेच, तसंच. काचा वर, मांडीवर मासा-चिप्स, आणि कुणी बोलायचं नाही. बासष्ट वर्षांत एकदाच चुकलं ते माझ्या जन्मामुळे, आणि ते बाबा मला अधूनमधून ऐकवत असत. बाबा गेल्यावर गेली दोन वर्षं मी आईला नेतोय. यंदा ती म्हणते, मी येणार नाही. आई शहाऐंशी वर्षांची आहे, मावशी. अजून किती सप्टेंबर मिळणार, हे मी वजनमापं खात्यातला माणूस असूनही मोजायला धजत नाही.

आता मुळापासून सांगतो. एप्रिलमध्ये पोस्टासमोरच्या खड्ड्यात मॅबलची पुढची डावी स्प्रिंग मोडली. हा खड्डा गावात सगळ्यांच्या ओळखीचा आहे (मागच्या वसंतात कुणीतरी त्याच्या कडेने डॅफोडिल लावले होते आणि ते फुललेही होते). कडकन आवाज आला, मॅबल पुढच्या डाव्या बाजूला बसली आणि तशीच बसून राहिली. आता या जुन्या गाड्यांच्या धंद्यातला पहिला नियम असा की स्प्रिंग एकटी बदलायची नाही, जोडीने बदलायची. एक नवी आणि एक थकलेली अशी जोडी लावली तर दोघींची उंची जुळत नाही आणि गाडी आयुष्यभर कललेली राहते. म्हणजे डावी मोडली की उजवीही गेली, तिची काही चूक नसली तरी. पुढच्या दोन बदलल्या की मागच्या दोन म्हाताऱ्या दिसू लागतात. आणि स्प्रिंगा बदलायच्या म्हटलं की त्यांच्याबरोबरचे शॉक अ‍ॅब्सॉर्बरही आले. (तू विचारशील, हे आणखी काय? स्प्रिंग म्हणजे लग्नघरातलं उड्या मारणारं पोर आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे ‘पुरे आता’ म्हणणारी त्याची आई. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.)

शिवाय खरं सांगू? मला ती संधी वाटली. चौतीस वर्षं मी वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढली. खाटकाचा तराजू अर्ध्या औंसाने कलला तर मी त्याला नोटीस दिली आहे, मग तो खाटीक चर्चमध्ये माझ्या शेजारी बसून गाणारा का असेना. आणि अशा माणसाच्या घरासमोर उभी असलेली गाडी उजवीकडे कललेली. जराशी नाही, चांगली अडीच इंच. बाबा अठरा स्टोनचे, म्हणजे दोनशे बावन्न पौंडांचे होते, आणि उजवीकडे स्टिअरिंगमागे बसून बसून त्यांनी त्या एका स्प्रिंगेचं अगदी पोतेरं करून टाकलं होतं. मी मॅबलच्या काचेखालच्या पुढच्या फळीवर पाणसळ ठेवायचो तेव्हा तिच्यातला बुडबुडा डावीकडच्या टोकाला जाऊन जो चिकटायचा तो हलायचा नाही. बाबा असेपर्यंत मी काही बोललो नाही. त्यांना कल मान्यच नव्हता. ते म्हणायचे, गाडी सरळ आहे, यॉर्कशायर डावीकडे वर उचललेलं आहे.

स्प्रिंगा बनवणाऱ्यांकडून मी एक फॉर्म मागवला. त्यात एक प्रश्न होता: ‘गाडीत नेहमी किती वजन असते?’ आता प्रश्न ‘नेहमी’ असा असल्यावर मी माझे साडेदहा स्टोन कसे लिहिणार? मॅबलचं नेहमीचं वजन म्हणजे बाबा. तेव्हा बाबांच्या जागी काय बसवायचं हा विचार करून मी अठरा स्टोन बटाटे आणले. दोन पोत्यांत भरले, (खात्याच्या मोहरबंद तराजूवर मोजून, शेवटचा अर्धा पौंड पुरा व्हावा म्हणून एक बटाटा मी कापला) ती पोती एकावर एक ठेवून स्टिअरिंगमागे बसवली आणि दोरीने बांधली. मोडलेल्या स्प्रिंगेच्या जागी लाकडाचा ठोकळा घालून डावी बाजू पूर्वीच्या उंचीला आणली आणि मोजपट्टी घेऊन गाडीखाली शिरलो. बाहेर आलो तेव्हा आईने वरच्या पोत्यावर बाबांची चेकची टोपी घातली होती. मॅबलची पुढची सीट म्हणजे एक अखंड लांब बाक, तुला माहीतच आहे, चामडं घासून घासून इतकं गुळगुळीत झालंय की त्यावर मांजरही टिकत नाही. आई डावीकडून चढली, घसरत घसरत बटाट्यांपर्यंत पोचली आणि तिथेच विणकाम काढून बसली. तासभर बसली. मोजणीत हालचाल नको म्हणून ती मला मदत करते आहे, असं मला वाटलं. नंतर तिने थर्मासमधून दोन कप चहा ओतला. एक तिने घेतला. पाद्रीबुवा रस्त्याने चालले होते, ते पोत्याकडे पाहून ‘कसं काय, हेडली?’ म्हणाले, चार पावलं पुढे गेले, आणि मग त्यांना आपणच बाबांना पुरल्याचं आठवलं. पण मागे वळून चूक सुधारणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते तसेच पुढे गेले.

मोजमाप झालं. मी फॉर्म भरून पाठवणार, एवढ्यात माझ्या हातून एक चूक झाली. मी मंगळवारी क्लबात गेलो आणि ‘स्प्रिंगा बदलाव्यात म्हणतोय’ असं बोललो. मावशी, जुन्या गाड्यांच्या क्लबात हे वाक्य बोलणं म्हणजे दवाखान्यात रांगेत बसून ‘माझी पाठ दुखते’ म्हणणं. बियरचे ग्लास खाली ठेवले गेले. अध्यक्ष नॉर्मन ब्रेथवेट यांनी तीस वर्षं शववाहिका चालवली. त्यांचं मत असं की गाडी मऊच हवी. पुढच्या फळीवर भरलेला चहाचा कप ठेवावा आणि स्मशानापर्यंत तो सांडू नये. (त्यांच्या गाडीत मागे असणाऱ्यांपैकी कुणी तक्रार केली नाही, हे खरं.) कीथ शटलवर्थ डोंगरावर गाड्या पळवण्याच्या शर्यतींत उतरतो. त्याचं मत असं की स्प्रिंग आखूड आणि कडक हवी. चाकाखाली पेनीचं नाणं आलं तर त्यावर राणीचा छाप होता की राजाचा, हे बुडाला कळलं पाहिजे. त्याच्या दोन दाढा अशाच पडल्या आहेत आणि तो त्या खिशात घेऊन फिरतो. तिसऱ्या मिसेस टेम्पेस्ट. त्या आपल्या जुन्या सलून गाडीतून मेंढ्या नेतात. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “लेस्ली, यात एडका बसेल का?” मी म्हणालो, मला एडका न्यायचा नाही. त्या म्हणाल्या, “आज नाही न्यायचा.”

तिथे मी ‘आभारी आहे, विचार करतो’ असं तिघांनाही म्हणालो. आपल्याकडे याचा अर्थ ‘नको’ असा होतो, हे कुठल्याही सुसंस्कृत माणसाला कळतं. पण बुधवारी सकाळी नॉर्मन दारात उभे, हातात शववाहिकेतून काढलेली लांबलचक स्प्रिंग आणि तिचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. ‘पडूनच होती,’ म्हणाले. मी म्हणालो, खरंच गरज नव्हती. ते म्हणाले, अहो त्यात काय. मी म्हणालो, तुम्हाला लागेल. ते म्हणाले, मला कशाला. असं पाच-सहा वेळा झाल्यावर नियमाप्रमाणे मला ती घ्यावीच लागली. दुपारी कीथ आला. त्याच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरला एक बटण होतं, ते फिरवलं की कडकपणा कमीजास्त होतो, सोळा टिचक्या. तो म्हणाला सोळावर ठेव, पंधरा बायकांसाठी आहे. गुरुवारी मिसेस टेम्पेस्ट आल्या. त्यांच्या स्प्रिंगेला मेंढीची लोकर अडकलेली होती. प्रत्येकाने एकेकच आणली होती, कारण दुसरी त्यांना स्वतःला लागणार होती. आणि प्रत्येकजण जाताना म्हणाला, “बसवलीस की बघायला येतो हं.”

आता तू म्हणशील, नाही म्हणायला तोंड नव्हतं का? मावशी, तू स्वतः मिसेस ऑलरॉइडनी दिलेला चिनी मातीचा बेडूक एकोणीस वर्षं दिवाणखान्यात ठेवला आहेस, कारण त्या चहाला येतात. तो बेडूक आठव आणि मग मला बोल. मी बसून शांतपणे विचार केला. देणारे तीन, गाडीचे कोपरे चार. पुढे डावीकडे नॉर्मनची, पुढे उजवीकडे कीथची, मागे डावीकडे मिसेस टेम्पेस्टची, आणि मागचा उजवा कोपरा मी स्वतःसाठी ठेवला. तिथे मी फॉर्ममध्ये लिहिली होती तशी शास्त्रशुद्ध स्प्रिंग मागवून बसवली. म्हणजे कुणाचं मन मोडलं नाही. जोडीने बदलायचा नियम मात्र मोडला, पण नियम चहाला येत नाहीत.

मॅबल कशी चालू लागली ते सांगणं अवघड आहे. उभी असताना ती कुणीतरी हाक मारल्यासारखी मान तिरकी करून उभी राहायची. चालू लागली की आधी पुढून डावीकडे खोल नमस्कार करायची, तिथून सावकाश वर यायची, तोवर मागची बाजू एकदा उडायची आणि पुढचं उजवं चाक रस्त्यातला खडान्खडा मला कळवत राहायचं. गावातली माणसं फुटपाथवरून उलट मान लववू लागली. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, लोकांत माझ्याबद्दल आदर वाढला आहे. तीन देणारे तीन वेगळ्या दिवशी बघायला आले तेव्हा मी मॅबलला फिरवून ज्याचा कोपरा त्याच्या समोर येईल अशी उभी केली, उरलेली गाडी झुडपात घातली. प्रत्येकजण आपला कोपरा बघून म्हणाला, “फरक दिसतोय ना?” मी म्हणालो, फारच.

मग जुलैत क्लबाचा मेळावा आला, मिसेस टेम्पेस्ट यांच्या उताराच्या कुरणावर. सगळ्या गाड्या रांगेत, मध्ये परीक्षक, खालच्या टोकाला केकचं टेबल. तिथे झुडूप नव्हतं. तिघंही एकाच वेळी आले आणि आपापल्या कोपऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. तिघांनाही दुसऱ्यांचे कोपरे स्वच्छ दिसत होते. पण दुसऱ्याच्या स्प्रिंगेबद्दल चार माणसांत बोलणं शिष्टाचारात बसत नाही. नॉर्मन म्हणाले, हवा छान पडली आहे. कीथ म्हणाला, दुपारी पाऊस आहे. एवढ्यावर निभावलं असतं, पण परीक्षकाने शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासायची नेहमीची पद्धत वापरली: गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी दाबायचा, सोडायचा आणि ती किती वेळा वरखाली होते ते मोजायचं. चांगली गाडी एकदा वर येऊन थांबते. त्याने नॉर्मनचा कोपरा दाबला. मॅबल वर आली, खाली गेली, ते बघून मागची बाजू उडाली, ते बघून पुढची पुन्हा खाली गेली. परीक्षक चाळीसपर्यंत मोजत होता. त्यानंतर मॅबल हँडब्रेक ओढलेला असतानाही नाचत नाचत उतारावरून निघाली. माणसाच्या चालीने, त्याहून जोरात नाही. दहा माणसं तिच्याबरोबर चालत होती. कुणी धरली नाही, कारण ती क्लबाची गाडी नव्हती, माझी होती. आणि मी धरली नाही, कारण परीक्षकाची तपासणी अजून संपली नव्हती. ती केकच्या टेबलापाशी जाऊन टेकली. टेबलामागे उभ्या असलेल्या बाई मॅबलला ‘माफ करा हं’ म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं. गाड्या तीनच होत्या.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या स्प्रिंगा आभाराच्या पत्रांसह परत केल्या (लिहिलं की तुमची स्प्रिंग इतकी उत्तम आहे की बाकीच्या तिघींना कमीपणा येतो) आणि शास्त्रशुद्ध स्प्रिंगांचा उरलेला संच मागवला. जुलैच्या अखेरीला चारही कोपरे नवे झाले, शॉक अ‍ॅब्सॉर्बरसकट. खाली उतरवली, पाणसळ ठेवली. मावशी, बुडबुडा मधोमध. दोन रेघांच्या बरोबर मध्ये, श्वास रोखल्यासारखा स्तब्ध. मी शेजारच्यांना बोलावून दाखवला. ‘छान आहे’ म्हणाले आणि आपापल्या घरी गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे तुलाच सांगतो.

मग मी आईला बसवलं. ती डावीकडे बसली, पर्स मांडीवर घेतली आणि थोडा वेळ उजवीकडे, माझ्याकडे बघत राहिली. आम्ही चर्चपर्यंत गेलो. धक्का नाही, डोल नाही; नॉर्मनचा चहाचा कप ठेवला असता तर त्यावरची सायसुद्धा हलली नसती. आई पर्सची कडी उघडझाप करत होती. फक्त जुन्या गिरणीपाशी तीव्र डावं वळण आहे, तिथे तिचा चेहरा जरासा खुलला आणि ती म्हणाली, “पुन्हा एकदा फिरव इथून.” मी तीनदा फिरवलं. घरी आल्यावर उतरली, दार लावलं, दारावर हात ठेवून म्हणाली, “ही मॅबल नाही. मी नाही जायची फायलीला.” आणि आत जाऊन बटाटे सोलायला बसली. (ते अठरा स्टोन बटाटे आम्ही अजून खातो आहोत.)

त्यानंतर मी काय काय केलं विचारू नकोस. चाकांतली हवा कमी केली. बाकाला मेण लावून आणखी गुळगुळीत केला, मग ते पुसून काढलं. तिला आकड्यांचा तक्ता करून दाखवला. ती म्हणाली, “आकडे बरोबर आहेत, लेस्ली. जेवून घे.” आणि ही आणखी एक गोष्ट. ती माझ्यावर रागावली आहे म्हणावं, तर गेले सहा आठवडे ती मला असं वाढते आहे की मी सणाला घरी आलोय. सकाळी अंडी आणि काळ्या पुडिंगचं सॉसेज, दुपारी चरबीचं पुडिंग, त्यावर कस्टर्ड, रात्री पुन्हा तेच. नको म्हटलं की माझ्याकडे असं बघते की घ्यावंच लागतं. मनातून तिला पश्चात्ताप होत असावा. तेव्हा मावशी, तू तिची सख्खी बहीण आहेस, तुझं ती ऐकते. फोन करून तिला समजाव की गाडी सरळ असणं हा गुन्हा नाही, हेडली असते तर त्यांनाही हेच आवडलं असतं, आणि समुद्र सरळ बसूनही दिसतो. एवढं कर. बाकी काही मागणं नाही.

गुडघ्याला जप. मांजराला, ते जे कुणी असेल त्याला, माझा लोभ.

तुझा आज्ञाधारक (बुडबुड्याची बाब सोडून) भाचा,
लेस्ली

ता. क. वर मी त्या खड्ड्याबद्दल जे लिहिलं ते खरं आहे, पण पुरतं नाही. खड्डा मला दिसू शकला असता. मी त्या क्षणी फळीवरच्या पाणसळीकडे बघत होतो.

ता. क. २. मंगळवार. पत्र काल टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. आज सकाळी मिसेस टेम्पेस्ट यांचा ट्रॅक्टर गल्लीतून जायचा होता, म्हणून मी मॅबलला अगदी कडेला घेतली, उजवीकडची दोन्ही चाकं चरात. कशी तिरकी उभी आहे ते बघवेना म्हणून आत गेलो. अर्ध्या तासाने बाहेर आलो तर आई मॅबलमध्ये. डावीकडून चढून घसरत घसरत पार स्टिअरिंगपाशी जाऊन टेकली होती, रिकाम्या जागेला खांदा लावून, शेजारी बाबांची टोपी. मी काच ठोठावली. ती म्हणाली, “आता बरोबर आहे.” मी म्हणालो, आई, गाडी चरात आहे. ती म्हणाली, “तुला चरच दिसणार.” मग मी दुसऱ्या बाजूने चढून बसलो, आणि तिने मला सांगितलं. मावशी, हे सगळं तुला ठाऊक होतं का? मॅबल नवी होती तेव्हा बाबा अकरा स्टोनचे होते, गाडी सरळ होती, आणि आई डावीकडच्या खिडकीला चिकटून बसायची. दोघंही लाजरी, मध्ये हातभर जागा. मग बाबा वाढत गेले, ती स्प्रिंग दबत गेली, आणि दरवर्षी आई बोट-दोन बोटं त्यांच्याकडे घसरत गेली. माझ्या जन्माच्या सुमारास, आई म्हणाली, खांद्याला खांदा लागला. “ते काही बोलणाऱ्यातले नव्हते,” ती म्हणाली. “मीही नाही. आमचं जे काही होतं ते गाडीने केलं.” गेली दोन वर्षं मी चालवत होतो तरी ती तिथेच येऊन पोचायची. आणि मी ते सरळ करून टाकलं. चौतीस वर्षांत मी इतकं चुकीचं माप कधी घेतलं नव्हतं.

ता. क. ३. तेव्हा खरं मागणं हे. ती बुटकी स्प्रिंग बाबांची आहे. पुढची उजवी. कृपा करून छत्र्या काढ आणि ती पहिल्या टपालाने पाठव. पांढरा रंग राहू दे, गाडीखाली कुणी बघत नाही. तुझ्यासाठी छत्र्यांचं खरं स्टँड मी आजच पाठवतो. नवी डावी आणि बाबांची उजवी अशी विजोड जोडी बसवून मी पाणसळ कपाटात ठेवून देईन आणि कुणी विचारलं तर सांगेन की यॉर्कशायर डावीकडे वर उचललेलं आहे. फक्त त्या शेवटच्या रविवारच्या आधी पाठव. कारण आईने हेही सांगितलं की स्प्रिंग परत मिळेल याचा तिला भरवसा नव्हता, म्हणून तिने दुसऱ्या टोकाने काम सुरू केलं होतं. आज दुपारी पुन्हा चरबीचं पुडिंग आहे. मी साडेअकरा स्टोनवर पोचलो आहे, बाबांचे अठरा झाल्याशिवाय ती थांबायची नाही, आणि माझ्या विजारीचं वरचं बटण कालच गेलं.